धुऱ्यावरची नेपती

ये, बस इथं जवळ. प्रत्यक्षात तर येत नाहीस, म्हणून कागदावरच बोलावते. निदान इथं यायला गाडीचं रिझर्वेशन मिळत नाही असं तरी तुला सांगता येणार नाही. मी तुला मागे एका झुडपाचा फोटो पाठवला होता. त्यावर काय लिहिलंस आठवतं? "आजी, झाडूचा फोटो का पाठवलास?" आणि खाली ते हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड. बाई गं, तो झाडू नाही. त्याच्यापायी आपल्या घरातले दोन सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले आणि एका पोरीचं दोन उन्हाळ्यांचं काम टांगणीला लागलं. आधी ऐक, मग हस.

आपल्या नदीकडच्या वावराचा धुरा तुला आठवत नसेल. धुरा म्हणजे तुमच्या पुण्याकडचा बांध. वाटणी झाली तेव्हा तू रांगत होतीस. वरचा तुकडा आपल्याला आला, खालचा भाऊजींना, म्हणजे तुझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला, आणि दोन्हींच्या मध्ये हा धुरा राहिला. आपला सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागतं, आणि उन्हाळ्यात भुईला अशा भेगा पडतात की चपलेसकट पाय आत जातो. त्या भुईत, धुऱ्याच्या मधोमध, हे झुडूप. माणसाच्या उंचीचं, नुसत्या हिरव्या काड्या आणि काटे. पान म्हणून औषधाला नाही. आम्ही त्याला 'बिनपानाचं' म्हणायचो, बस. पुस्तकातलं त्याचं नाव नेपती, आणि त्याच्याच वाळल्या फळांना मारवाड्याच्या दुकानात केर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. इतकी वर्षं त्याच दुकानातून डाळ घेऊन येत होते मी.

हे सांगितलं भाचीनं. भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. नणंद जळगाव जामोदला दिलेली, आणि तिची ही पोरगी झाडाझुडपांचं शिक्षण घेते. मोठ्या कॉलेजात आहे, पुढचा अभ्यास करते. एका चैत्रात ती आपल्याकडे आली ती खांद्याला लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या बांधून. मला वाटलं खाटेचं काहीतरी आणलं. तर त्यात झाड दाबतात म्हणे. काडी, फूल, फळ, जे असेल ते कागदात ठेवायचं, वर-खाली जाळ्या, आणि पट्ट्यानं करकचून आवळायचं. वाळलं की जाड कागदावर शिवायचं, कोपऱ्यात लिहायचं कुठं मिळालं, केव्हा, कोणी आणलं. असे हजारो कागद कपाटांत रचून ठेवतात. त्याला हर्बेरियम म्हणतात.

तर त्या कपाटात, फार जुन्या काळी कोणीतरी ठेवलेला, या झुडपाचा एक कागद आहे. भाचीनं मोबाईलवर दाखवला मला. तपकिरी पडलेली काडी, एक चुरगळलेलं फूल, आणि कोपऱ्यात इंग्रजी वळणदार अक्षरात काहीतरी. तिनं अर्थ सांगितला: नांदुऱ्याहून जळगावच्या वाटेला, पूर्णेच्या अलीकडे, काळ्या खारट जमिनीत. तेवढंच. हे झुडूप वाळवंटातलं. राजस्थान, गुजरात, तिकडे त्याचं रान असतं. या पोरीनं सगळीकडचे कागद पाहून एक नकाशा केला होता, जिथं जिथं ते सापडलं तिथं ठिपका. आपल्या जिल्ह्यात एकच ठिपका, आणि त्याच्याजवळ प्रश्नचिन्ह. कारण त्या जुन्या माणसानंतर इथं ते कोणी पाहिलंच नव्हतं.

"सर म्हनतात, लिहिनाराची जागा चुकली असन," ती म्हणाली. "मी दोन उन्हाळे तो रस्ता पायानं फिरली मामी. या वर्षी नाही भेटलं तं ठिपका खोडा लागते. मंग माह्या अर्ध्या लिखानाले अर्थच राहत नाही."

"मंग इथं कशी आली?"

"आई म्हने, मामाच्या धुऱ्यावर लहानपनी लाल फळं खायचो, त्या झाडाले पानंच नव्हते. दोन वर्षं हे माह्याजवळ बोलली नाही. परवा पोळ्या लाटता लाटता बोलली."

तुझ्या आजोबांच्या घराची हीच रीत. कामाचं बोलणं शेवटी.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघी वावरात गेलो. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून झालेली, रान मोकळं. लांबून ते झुडूप दिसलं तशी ती पळत सुटली. मी पोहोचले तोवर ती गुडघ्यांवर बसून काड्या उलट्यापालट्या करत होती. तोंड उतरलेलं.

"हेच हाये," ती म्हणाली. "पन सगळ्या कळ्याच हायेत. एकही फूल उमललेलं नाही. फुलाबिगर सर मानत नाहीत."

"मंग थांब ना दोन दिवस. कोनी हाकललं का?"

मी असं म्हणाले खरी, पण माझे कान पांदणीकडे, म्हणजे गाडीवाटेकडे, होते. तिकडे जेसीबी गुरगुरत होता. त्याचं असं होतं, की भाऊजींच्या खालच्या वावराला वाट नव्हती. पांदणीच्या आणि त्यांच्या वावराच्या मध्ये नाला आडवा. आदल्या वर्षी त्यांचा कापूस माणसांनी डोक्यावर वाहून काढला, अर्धा चिखलात भिजला. म्हणून धुरा सपाट करून त्यावरून ट्रॅक्टर न्यायचा, असं दोघा भावांचं ठरलं होतं. गावातली दोन-चार जणांची कामं आटोपून मशीन आपल्याकडे येणार होतं. आणि झुडूप धुऱ्याच्या बरोबर मधोमध.

मी भाचीला हे सांगणार, तेवढ्यात भाऊजीच आले. लांब ढांगा टाकत. तिला पाहिलं, थांबले, चपला काढल्या आणि वाकून तिच्या पाया पडले. आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं, तिनं मामाच्या नाही.

"कवा आली व बाई? घरी काऊन नाही आली?"

"आत्ताच मामा. आधी हे पाहू म्हटलं."

"हे? याच्यात काय पाहाचं? माय दात दुखला की याची काडी चाबाले द्याची. लय कडू. दात राह्यला बाजूले, तोंडच वाकडं व्हाचं."

ती हसली आणि लगेच वहीत लिहून घेतलं. तिच्या मामालाही बरं वाटलं असावं, कारण ते अजून काहीबाही सांगत राहिले. मग त्यांचं लक्ष तिच्या मोबाईलकडे गेलं. ती तो झुडपावर धरून काही आकडे उतरवत होती.

"हे काय लिहून राह्यली?"

"जागा. उपग्रहावरून आकडे येतात, ते कागदावर टाका लागतात. म्हंजे उद्या कोनी आलं तं त्याले बराबर या झुडपापाशीच येता आलं पाह्यजे."

भाऊजींचा चेहरा पाहून मी समजले की झालं.

"कोन येईन उद्या?" त्यांनी विचारलं.

आता तू म्हणशील, एवढं घाबरण्यासारखं काय. तुला चंदनाचं माहीत नाही म्हणून. आपल्या शिवारात एकाच्या धुऱ्यावर चंदनाचं झाड उगवलं होतं. त्यानं लावलं नाही, पाणी घातलं नाही. झाडाची बातमी पसरली, चोरांनी रात्रीतून तोडून नेलं, आणि चौकशी कोणाची? वावराच्या मालकाची. तालुक्याला खेटे घालून घालून तो माणूस थकला, आणि तेव्हापासून आपल्या गावात झाड कागदावर चढलं म्हटलं की लोक चार पावलं मागे सरतात. दुर्मिळ झाड तर विचारूच नको.

"मामा, हे चंदन नाही," भाची म्हणाली.

"चंदनवालाही हेच म्हनत होता, की माहं काही नाही. बाई, तू कागद कर, नाही कर. मले वाट पाह्यजे. मशीन पांदणीत हाये, उद्या सकाळी पहिला नंबर माहा."

आणि ते गेले. जाताना पुन्हा तिच्या पाया पडायला विसरले नाहीत.

भाचीनं कळ्यांच्या चार-पाच काड्या कापून घेतल्या. घरी आल्यावर त्या पाण्याच्या तांब्यात ठेवल्या. उमलल्या तर उमलल्या. मी तुझ्या आजोबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ऐकलं आणि कातरत राहिले.

"काही बोलसान का नाही?"

"तो म्हनते ते खोटं हाये का? गेल्या साली त्याचा कापूस पाह्यला ना तू."

"अन् या पोरीचं?"

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि आत झोपायला गेले.

इकडे दुसरीच अडचण. काड्या दाबायला वर्तमानपत्रं लागतात, आणि रोज ती बदलावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. भाचीजवळची संपत आलेली. आमच्या घरात वर्तमानपत्र कुठून येणार? तुझे आजोबा मोबाईलवर बातम्या ऐकतात, साऱ्या गल्लीला ऐकू जातात. मी फडताळातल्या डब्यांखालचे कागद काढले, तर ते तेलकट. गल्लीत वर्तमानपत्र घेणारं घर एकच: भाऊजींचं. गेले मी. काय करणार? जाऊ तांदूळ निवडत होती. रद्दी पाहिजे म्हटलं. ती उठली, एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

"न्या. आमच्याच कागदात आमचंच झुडूप बांधा."

"तुमचं कसं? धुरा दोघायचा."

"धुरा दोघायचा, चिखल आमचा," ती म्हणाली. खोटं काय होतं त्यात? मी गठ्ठा काखेत मारून परत आले. दारातून तिनं मागे हाक मारली, "पोरीले इकडं जेवाले धाडा म्हना. मामाच्या घरी आली अन् लहान्या मामीच्या हातची भाकर न खाता जाईन तं लोक मले नावं ठेवतीन." भांडण भांडणाच्या जागी आणि भाकर भाकरीच्या. भाची जाऊन जेवून आली. त्या घरात झुडपाचं कोणी नावही काढलं नाही म्हणे. नुसतं वाढत राहिले.

सकाळी मी अंगण झाडत होते तर आतून भाचीची हाक आली. तांब्यातल्या काडीवर एक कळी उमललेली. एकच. विटेसारखा लाल रंग, आणि मधून लांब लांब केसर बाहेर आलेले, मांजराच्या मिशांसारखे. इतकी वर्षं त्या वावरात निंदलं, वेचलं, मी ते फूल कधी जवळून पाहिलंच नव्हतं. भाचीनं कागद पसरला. फूल चपटं बसलं पाहिजे, पाकळी दुमडली नाही पाहिजे. ती सुईच्या टोकानं एकेक पाकळी सरळ करत होती. मी लांब उभी. माझा पदर जरी लागला असता तरी काम गेलं असतं. कागद मिटला, जाळी ठेवली, पट्टा आवळला. "झालं मामी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात पांदणीकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही धावतच गेलो. तुझे आजोबा आधीच तिथं होते, चहा न घेता गेलेले. भाऊजी झुडपाच्या अलीकडे, आणि धुऱ्याच्या टोकापासून माती ओढत ओढत मशीन निम्म्यावर आलेलं. भाची सरळ जाऊन झुडपापाशी उभी राहिली. ड्रायव्हरनं मशीन थांबवलं, बंद केलं नाही. आता मालकाच्या भाचीला बाजूला सर म्हणून तो कसा सांगणार? भाऊजींकडे पाहत राहिला.

"फूल भेटलं ना व?" भाऊजी म्हणाले. बातमी जावेनं पोचवली होती, आमच्या दोघींच्या अंगणाची भिंत एकच.

"भेटलं मामा."

"मंग तुहं काम झालं. सर बाजूले."

भाचीनं मोबाईल काढला आणि तो जुना कागद त्यांना दाखवला. "हे पाहा. याच्यात वावर कोनाचं ते नाही. गट नंबर नाही. माह्याही कागदात नसनार. गाव, जमीन कशी, झुडूप केवढं, अन् आजी दातदुखीले काडी द्याची, हे तुम्ही सांगितलं ते. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् उद्या सरकार म्हनलं की हे वाचवा, इथून ट्रॅक्टर नेऊ नका, तं?"

मला वाटलं, म्हण ना गं, काही होत नाही म्हण. एक शब्द बोलली असती तरी भाऊजी तिथंच मवाळ झाले असते, मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पण ती पोरगी हट्टी.

"याच्यापायी कोनाची वाट अडल्याचं मी आजवर ऐकलं नाही," ती म्हणाली. "पन उद्याचं मी कशी सांगू मामा?"

मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

भाऊजींनी ड्रायव्हरला हात केला. मशीनचं बकेट वर गेलं. भाचीही मग बाजूला झाली. अडवलं नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काढा मामा. वावर तुमचं हाये. मले फक्त कागदावर अजून एक ओळ लिहा लागन."

"काय लिहिशीन?"

"एकच झुडूप होतं. आता तिथं नाही."

"माहं नाव टाकशीन?"

"नाव टाकाची जागाच नसते मामा."

बकेट वरच्या वर थांबलेलं. भाऊजी झुडपाकडे पाहत होते, मी भाऊजींकडे. त्यांना वाटही पाहिजे होती आणि भाचीच्या हातानं ती ओळही लिहून घ्यायची नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मागे सरले तर कापूस पुन्हा चिखलात. झुडपापाशी खालच्या अंगाला त्यांच्या वावराची कड नाल्यानं खचलेली, तिकडून वळता येईना. वरच्या अंगाला आपलं वावर, आणि वाटणी झाल्यावर भावाच्या वावरातली हातभर जागा मागणं म्हणजे मिटलेलं पुन्हा उकरणं. ते मेले तरी मागणार नव्हते.

"काका, डिझेल जळून राह्यलं," ड्रायव्हर म्हणाला. "काढू का चहा पिऊन येऊ?"

तेव्हा तुझे आजोबा हलले. कालपासून सुपारीशिवाय दुसरं काही तोंडात न घेतलेला माणूस. ते धुऱ्यावरून आपल्या वावरात उतरले आणि चपलेच्या टाचेनं मातीत रेघ ओढत चालले. झुडपाच्या अलीकडून सुरू केली, त्याला वळसा घातला, आणि पलीकडे परत धुऱ्याला आणून लावली.

"इकून घे," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"दादा, मले तुही जमीन नको," भाऊजी म्हणाले.

"जमीन कोन देऊन राह्यलं बे? वाट देऊन राह्यलो. घे लवकर, ऊन तापते."

आता मजा ऐक. ज्या पट्ट्यातून त्यांनी रेघ ओढली तो माझा. धुऱ्याच्या कडेनं दर पावसाळ्यात माझी अंबाडी असते, थोड्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा, वाळकाचे दोन वेल. घरादाराला, अगदी तुझ्या बाबांना पुण्याला, जी भाजी वाळवून धाडते ती तिथलीच. मला विचारलं? नजरेनं तरी? ड्रायव्हर होता म्हणून मी तोंड आवरलं. मशीन माझ्या अंबाडीच्या जागेवरून गेलं आणि मी भाचीचा हात धरून उभी राहिले. घरी जाताना तुझ्या आजोबांना म्हटलं, "या साली अंबाडीची भाजी मागसान, तं वाटेवर जाऊन खोदून आना." ते म्हणाले, "हाव." दुसरं काही नाही.

भाचीला निरोप देताना जावेनं तिची ओटी भरली, भाऊजींनी लुगडं दिलं आणि तिच्या पाया पडले. पण झुडपाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि अजूनही बोलत नाहीत.

पुढं भाचीनं मला फोटो पाठवला. जाड कागदावर आपली काडी शिवलेली, ते फूल तपकिरी पडलेलं, खाली आपल्या गावाचं नाव. तिच्या नकाशातलं प्रश्नचिन्ह गेलं. सरांनी मानलं. पण कागदाच्या शेवटी तिनं जे खरं आहे ते लिहिलं आहे: एकच झुडूप. फोनवर ती दर वेळेस आधी तेच विचारते, हाये ना मामी? मी म्हणते हाये, आणि फोन ठेवल्यावर बघायला जाते.

कारण वाट वळली असली तरी ट्रॅक्टरवाल्यांना ते वळण नको आहे. ट्रॉली भरलेली असली की मागचं चाक झुडपाला घासतं. एका बाजूच्या काड्या मोडल्यात. प्रत्येक जण भाऊजींना म्हणतो, काका, वाट सरळ करून टाका ना. भाऊजी नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. आता यंदा वाटेवर मुरूम टाकायचा आहे. मशीन पुन्हा येणार, ड्रायव्हर नवा, आणि नव्या ड्रायव्हरला ते वळण का आहे हे कोण सांगणार? तुझ्या आजोबांचे गुडघे धुऱ्यापर्यंत चालू देत नाहीत. भाची परीक्षेच्या कामात अडकली. मी उभी राहीन, पण माझं भाऊजींपुढं किती चालतं ते तुला माहीत आहे.

म्हणून म्हणते, ये. या चैत्रात, मुरमाच्या आधी. भाऊजी आजवर नातीला कशाला नाही म्हणाले नाहीत. तू नुसती त्या झुडपापाशी उभी राहा, मोबाईल बघत राहिलीस तरी चालेल. फूलही पाहून होईल तुझं. आणि येताना जुनी वर्तमानपत्रं घेऊन ये, असतील तेवढी. फळ धरलं तर भाचीला तेही दाबून पाहिजे आहे, आणि जावेकडे पुन्हा रद्दी मागायला जायची माझी हिंमत नाही. बस स्टँडवर उतरलीस की फोन कर. मी भाकरी टाकायला घेते.